पूर्वजांचे पान

जुन्याचा अभिमान हा आम्हां मराठी शिकवणाऱ्यांचा पिढीजात रोग. शब्द जितका जुना तितका आम्हांला प्यारा. पण ताटातला पदार्थ केवळ जुना म्हणून आयुष्य वाढवतो काय? हल्ली पुष्कळ सुशिक्षित घरांत ह्या प्रश्नाला 'होय' असे उत्तर मिळते. शेतीपूर्वीचा माणूस धान्य, डाळी, दूध ह्यांना शिवत नव्हता. आपणही ती सोडली की दीर्घायुषी होऊ, असे सांगणारा हा नवा पंथ आहे.

त्याचे बीज अगदीच टाकाऊ नाही. आपला देह शिकारी, भटक्या जीवनात घडला आणि आजचे अन्न त्याला परके आहे, असे १९८५ साली ईटन आणि कॉनर ह्या अमेरिकन अभ्यासकांनी मांडले. साखर-मैद्यापुरते हे कोण नाकारील?

परंतु पूर्वजांचे पान एक नव्हतेच! बर्फाळ प्रदेशातले लोक सील आणि मासे खात. टांझानियातले काही हाडझा लोक आजही कंद, फळे, मध आणि शिकार ह्यांवर राहतात. जॉर्डनमधील शुबायका येथे तर सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या भाकरीचे करपलेले तुकडे मिळाले. म्हणजे शेती सुरू होण्याच्या सुमारे ४,००० वर्षे आधीच माणूस रानटी धान्य दळून भाजत होता!

आणि दीर्घायुष्य? २०१३ साली चार प्रदेशांतील १३७ प्राचीन ममींची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे एक-तृतीयांश देहांत रक्तवाहिन्या कठीण झाल्याच्या खुणा होत्या. त्यांत अल्यूशियन बेटांवरचे शिकारीही होते. ह्यात आश्चर्य कसले? मुलेबाळे हाताशी येईपर्यंत देह टिकला की निसर्गाचे काम बव्हंशी झाले. ऐंशीव्या वर्षी हृदय कसे राहील, ही काळजी त्याने वाहिलीच नाही.

माझ्या परिचयाच्या एका तरुणाने सत्तरीच्या आईची भाकरी आणि आमटी बंद केली आहे. त्या माउलीचे वजन उतरले आणि जेवणावरची वासनाही. मला राग येतो तो इथे. अख्खे धान्य आणि कडधान्ये नित्य खाणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळते, असे आजचे वैद्यकच सांगते.

पूर्वजांकडून घ्यायचेच तर त्यांची चाल घ्यावी, भुकेपुरते खाण्याची रीत घ्यावी. दिवाळीच्या ह्या चार दिवसांत चकली एक, करंजी एक खावी आणि मग टेकडीपर्यंत पायी जाऊन यावे. अश्मयुगातला माणूसही करंजीला नाही म्हणाला नसता!