पांढऱ्या ताऱ्याखाली पुसला जाणारा इतिहास

१/ घराच्या अंगणात जुनी जीप उभी करून, तिचा एकेक नट-बोल्ट सोडवून तिला पुन्हा रस्त्यावर आणणारे अनेक हौशी तरुण आज दिसतात. हा छंद निःसंशय स्तुत्य आहे. मात्र सारे काम उरकल्यावर बोनेटवर पांढरा तारा रंगवला जातो, तेव्हा बहुधा इतिहास जपला जात नाही, पुसला जातो. तो कसा, हे मांडणारा हा धागा. 🧵

२/ आधी त्या ताऱ्याविषयी. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी वाहनासाठी १३५ कंपन्यांकडे प्रस्ताव मागितले. पेनसिल्व्हेनियातील बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याच्या साहाय्याने अवघ्या ४९ दिवसांत नमुना उभा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी तो सैन्याच्या हवाली केला.

३/ बँटमचा कारखाना लहान होता. मोठी कंत्राटे विलिस आणि फोर्ड यांच्याकडे गेली. विलिसची ‘एमबी’ आणि फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’ या जवळजवळ जुळ्या बहिणी. युद्धकाळात दोघी मिळून सहा लाखांहून अधिक तयार झाल्या. पांढरा तारा ही या मित्रराष्ट्रांच्या वाहनांवरची खूण. ब्रह्मदेशच्या आघाडीवर आलेल्या काही जीप युद्धानंतर भारतातच राहिल्या.

४/ दुसरी कथा मुंबईची. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे बदलले. याच कंपनीने मुंबईत विलिसच्या जीप जोडण्यास आरंभ केला.

५/ आज ‘महायुद्धातील जीप’ म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी गाड्या वस्तुतः या दुसऱ्या कथेतल्या आहेत. त्या आहेत ‘सीजे-३बी’. हे मॉडेल अमेरिकेत १९५३ मध्ये आले, म्हणजे महायुद्ध संपून आठ वर्षे लोटल्यावर! तेथे साठच्या दशकात त्याचे उत्पादन थांबले. भारतात मात्र महिंद्राने ते पुढेही चालू ठेवले.

६/ दोन्हींच्या चाकांमधील लांबीचे अंतर सारखेच, ८० इंच. म्हणून नवशिक्याची फसगत होते. खुणा मात्र स्पष्ट आहेत. युद्धकालीन जीपच्या दाबीव पत्र्याच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात, सीजेच्या जाळीत सात. युद्धकालीन जीपचे दिवे लहान आणि जाळीच्या आत दबलेले, तर सीजेचे मोठे आणि बाहेर आलेले.

७/ सर्वांत मोठी खूण म्हणजे ३बीचे उंच बोनेट. जुन्या इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असत. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली. त्याला सामावण्यासाठी बोनेट उचलावे लागले. ज्याला काही जण बेढब म्हणतात, ती उंची म्हणजे यंत्रविद्येतील एका निर्णयाचा पुरावा आहे.

८/ एमबी आणि जीपीडब्ल्यू यांतही भेद सापडतो. विलिसच्या चेसिसचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा, तर फोर्डचा उलट्या ‘यू’ आकाराचा. शिवाय फोर्डने आपल्या असंख्य भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटवले होते. गंजलेला एक बोल्टदेखील आपले जन्मगाव सांगतो, वाचणारा डोळा हवा.

९/ इथेच मूळ भागांचे महत्त्व कळते. मूळ भाग हवा तो केवळ मिरवण्यासाठी किंवा किंमत वाढवण्यासाठी नव्हे. जुनी जीप हे लोखंडाचे दप्तर आहे. तिचा चेसिस नंबर, पितळी पट्टी, रंगाचे थर, डाग दिलेले पत्रे ही त्या दप्तरातील पाने. पाने फाडून नव्याने लिहिलेल्या दप्तराला कोणी अस्सल साधन मानत नाही. मग जीपला वेगळा न्याय का?

१०/ वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत एक तत्त्व आहे: जिथे पुराव्याची जागा तर्क घेऊ लागतो, तिथे पुनर्स्थापनेचे काम थांबले पाहिजे. मंदिराचा कळस आणि जीपचे बोनेट यांना हा नियम सारखाच लागू व्हावा. आपल्या गाडीवर तारा होता याचा पुरावा नसेल, तर तो रंगवणे ही कल्पनारंजनाची हौस झाली, जतन नव्हे.

११/ तारा रंगवताना काय झाकले जाते, हेही पाहावे. स्वतंत्र भारतात जीप तहसीलदाराची होती, वनखात्याची होती, निवडणुकीच्या प्रचाराची होती. १९६५ च्या युद्धात हवालदार अब्दुल हमीद यांनी खेमकरण भागात पाकिस्तानी रणगाड्यांशी झुंज दिली, ती जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ज्या वाहनाला एवढा स्वतःचा इतिहास आहे, त्याने नॉर्मंडीचा इतिहास उसना का घ्यावा?

१२/ यावर एक आक्षेप घेतला जातो: गाडी मालकाची, मग रंग कोणता हा त्याचा प्रश्न. मालकी मान्य. पण महायुद्धातील म्हणून सजवलेली गाडी पुढे विकली जाते, प्रदर्शनात उभी राहते, तिची छायाचित्रे पसरतात. दोन पिढ्यांनंतर ती खोटी ओळखच खरी ठरते. नाणी आणि ताम्रपट यांच्या बनावट प्रतींनी इतिहासाचे जे नुकसान केले, तेच इथे घडते.

१३/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंधन परवडेना म्हणून असंख्य पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिने बसवली गेली. जुन्या वाहनांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीला गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी आणि चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल नको. मग डिझेल जीपने काय करावे?

१४/ नियमाचा हेतू योग्य आहे, पण त्याची ‘मूळ’ची व्याख्या अपुरी आहे. चाळीस वर्षांपूर्वी आरसी बुकात नोंदवलेले डिझेल इंजिन हीदेखील एका काळाची साक्ष आहे. महाग पेट्रोल, वाहनाची टंचाई आणि गावच्या मिस्त्रीचे कौशल्य या तिन्हींचा तो दस्तऐवज. अशा नोंदणीकृत जुन्या बदलांसाठी नियमांत स्वतंत्र वर्ग असायला हवा.

१५/ घरी काम करणाऱ्याने पाळावयाची शिस्त साधी आहे. पहिला पाना लावण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. सोडवलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून वेगळ्या पिशवीत ठेवावा. रंग सरसकट खरवडू नये. एका लपलेल्या कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपरने एकेक थर उघडून त्यांचा क्रम टिपावा. गंजलेला बोल्ट तोडण्याआधी त्याला तेल पाजून दोन दिवस वाट पाहावी.

१६/ ब्रेक, टायर, रबरी नळ्या यांबाबत जुन्याचा हट्ट धरू नये, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. बाकी भाग दुरुस्त होत असेल तर बदलू नये. बदललाच तर जुना भाग भंगारात न देता जपून ठेवावा आणि काय, केव्हा बदलले याची वही करावी. भंगार बाजारातून मिळालेला भाग कोणत्या गाडीचा, हेही त्याच वहीत लिहावे.

१७/ चेसिस नंबर घासणे किंवा दुसऱ्या गाडीची पट्टी आणून ठोकणे हा मात्र छंद नव्हे, गुन्हा आहे. कायद्यापुढे तर आहेच, इतिहासापुढेही आहे. तसे केल्यावर एका गाडीची ओळख नष्ट होते आणि दुसरीची खोटी होते.

१८/ सात फटींची जाळी, उंच बोनेट आणि दाराजवळ अर्धवट पुसलेले एखाद्या सरकारी खात्याचे नाव: अशी जीप अंगणात असेल, तर तिला नॉर्मंडीला नेण्याची गरज नाही. ते पुसट नाव तसेच राहू द्यावे. पुढच्या अभ्यासकाला त्या चार अक्षरांतून जे सापडेल, ते कोणत्याही रंगवलेल्या ताऱ्यातून सापडणार नाही.