पंचनाम्यानंतरचा महिना

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ

विषय : आत्महत्याग्रस्त कुटुंबे आणि विषबाधा, अपघात, हल्ला यांतून वाचलेली माणसे यांना आघातोत्तर ताणविकारावरील उपचार दारव्हा तालुक्यातच मिळण्याबाबत



जिवावर बेतलेल्या प्रसंगातून गेलेल्या, किंवा तसा प्रसंग जवळच्या माणसावर ओढवलेला पाहिलेल्या व्यक्तीला आघातोत्तर ताणविकार हा मानसिक आजार होऊ शकतो. वैद्यकशास्त्राच्या वर्गीकरणात तो या नावाने 1980 मध्ये आला. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचे हाल त्याला निमित्त झाले आणि म्हणून पुष्कळ दिवस तो रणांगणावरचाच आजार समजला गेला. प्रत्यक्षात भूकंप, अपघात, बलात्कार, मारहाण, घरातली आत्महत्या यांपैकी कशानेही तो होतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने कोसळला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर वाचलेल्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतला.

यवतमाळ जिल्ह्यात आघात असा एका पहाटे येत नाही. तो एकेका घरात सुटासुटा येतो, त्यामुळे त्याला कोणी आपत्ती म्हणत नाही आणि आपत्तीनंतर धावणारी माणसेही त्याच्यासाठी धावत नाहीत. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. राज्यातली जाहीर नोंद झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. तेव्हापासून या जिल्ह्यात मागे राहिलेल्या माणसांची संख्या गेलेल्यांच्या कितीतरी पट झाली आहे. गेलेल्यांची नोंद सरकारदरबारी आहे. मागे राहिलेल्यांपैकी किती जणांना उपचारांची गरज होती आणि किती जणांना ते मिळाले, याची नोंद ठेवण्याची कोणावरच जबाबदारी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे जानेवारी 2022 पासून लागू झालेले वर्गीकरण या आजाराची तीन मुख्य लक्षणे सांगते. घडलेले पुन्हा आत्ता घडते आहे असे वाटणे, हे पहिले. यात दुःस्वप्ने येतात, आणि दिवसाढवळ्या तेच दृश्य डोळ्यांपुढे उभे राहते. दुसरे टाळाटाळीचे : माणूस ती खोली, तो धुरा, तो रस्ता, ते बोलणे टाळू लागतो. तिसरे म्हणजे धोका टळलेला असूनही शरीर सतत सावध राहणे. दार वाजले तरी दचकायला होते, झोप लागत नाही, राग आवरत नाही. ही लक्षणे काही आठवडे टिकली आणि त्यांनी रोजचे जगणे अडवले, तर तो आजार. अमेरिकी वर्गीकरणाची मुदत एक महिन्याची आहे. त्याआधीची अस्वस्थता बहुतेकांत आपोआप निवळते. दुःख झालेल्या प्रत्येकाला रुग्ण ठरवणे शास्त्राला मान्य नाही, आणि गावालाही ते रुचणार नाही.

दारव्ह्याच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र यातले काहीच या नावाने येत नाही. छातीत धडधडते, हातपाय गळून जातात, डोके जड राहते, जेवण जात नाही, अशी तक्रार येते. घरचे म्हणतात, बाईने धसका घेतला आहे, किंवा काही बाहेरचे आहे. मग सलाईन लागते, ताकदीच्या गोळ्या मिळतात, फार झाले तर झोपेची गोळी. झोपेच्या आणि गुंगीच्या ज्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, त्या या आजारावर उपचार म्हणून देऊ नयेत, असे बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यांची सवय लागते आणि मूळ आजार तिथेच राहतो. लहान मुलांत चित्र आणखी फसवे असते. बापाचा मृतदेह पाहिलेले मूल रडेलच असे नाही. ते अंथरूण ओले करू लागते, आईचा पदर सोडत नाही, खेळात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा मांडते, किंवा शाळेत एकदम मागे पडते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना हे सर्वांत आधी दिसते. दिसल्यावर कोणाला कळवायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

आत्महत्येनंतरच्या पहिल्या महिन्यात त्या घरी कोण कोण येते, हे पाहण्यासारखे आहे. पोलीस येतात, पंचनामा होतो. तलाठी येतात, कृषी सहायक येतात, कागद तहसीलमध्ये जातात. 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयानुसार पात्र प्रकरणात एक लाख रुपये मिळतात : 30 हजार हाती आणि 70 हजार ठेवीत. त्यासाठी सातबारा, नापिकी, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे थकलेले कर्ज आणि वसुलीचा तगादा हे सिद्ध व्हावे लागते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती पात्र-अपात्र ठरवते. म्हणजे गेलेल्याची बायको एकच प्रसंग पोलिसांना, महसूल खात्याला, बँकेला आणि वेळ पडली तर वार्ताहरालाही सांगते. सकाळी ते कुठे गेले होते, आधी भांडण झाले होते का, दारूचे व्यसन होते का. उत्तर चुकले तर एक लाख जातात, हे तिला ठाऊक असते. तेराव्या दिवशी तेरवी होते, पाहुणे परततात आणि घर रिकामे होते. आजार ओळखता येण्याची वेळ त्यानंतर येते. नेमके तेव्हाच कोणी येत नाही.

इथे उपचार आणि चौकशी यांतला फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण दोन्हींत घडलेले सांगावेच लागते. आघातावरील प्रभावी मानसोपचारांचा गाभा म्हणजे टाळलेल्या आठवणीकडे सुरक्षित जागी, ठरावीक वेळी, स्वतःच्या गतीने परत जाणे. सांगणाऱ्याला कधीही थांबता येते, उत्तराला बक्षीस किंवा शिक्षा नसते, ऐकणारा तोच राहतो. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्ण प्रसंग वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगतो आणि टाळलेल्या जागांना पायरीपायरीने सामोरा जातो. आठवण पुसली जात नाही, पण ती आठवणच राहते, तिचा झटका येत नाही. पॅट्रिशिया रेसिक यांची पद्धत प्रसंगातून मनात रुतलेल्या समजुतींवर काम करते. ‘मी त्या दिवशी माहेरी गेले नसते तर ते वाचले असते’ ही समजूत विदर्भातल्या किती घरांत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी फ्रान्सीन शापिरो यांची पद्धतही मान्यता पावलेली आहे. साधारण 8 ते 12 बैठकांत बऱ्याच रुग्णांना स्पष्ट फरक पडतो. औषधांमध्ये सर्ट्रालिनसारखी नैराश्यरोधके उपयोगी पडतात, विशेषतः सोबत नैराश्य असेल तर.

एकापेक्षा जास्त आघात झालेल्यांसाठी कथनावर आधारलेली एक पद्धत आहे, आणि दारव्ह्यासाठी ती सर्वांत सोयीची वाटते. जमिनीवर दोरी पसरायची. ती दोरी म्हणजे जन्मापासूनचे आयुष्य. वाईट प्रसंगांच्या जागी दगड ठेवायचे, चांगल्या प्रसंगांच्या जागी फुले. मग पुढच्या बैठकांत एकेका दगडाशी थांबून त्याची पूर्ण हकीकत क्रमाने सांगायची. या पद्धतीला अक्षरओळख लागत नाही. युगांडातल्या निर्वासितांच्या वसाहतीत ती प्रशिक्षित सामान्य माणसांनी यशस्वीपणे वापरली. रेसिक यांची पद्धतही काँगोत लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांसाठी मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी चालवली आणि तिचा चांगला परिणाम 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. उलट, घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून एकाच बैठकीत मन मोकळे करायला लावणे निरुपयोगी, क्वचित अपायकारकही ठरले आहे. शिबिर घेऊन फोटो काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात याचा जवळचा दाखला आहे. तिथल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमार्फत चालला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेल्याचे 2017 मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत प्रसिद्ध झाले. तो कार्यक्रम नैराश्यासाठी होता, आघातासाठी नव्हे. पण गावातले लोक मनाच्या आजारावर उपचार घ्यायला तयार नसतात, हा समज त्याने खोटा ठरवला. सरकारी पातळीवरही पाटी कोरी नाही. 2015 मध्ये यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झाले. त्याच सुमारास आलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात 14 जिल्ह्यांतल्या आशाताई घरोघरी जाऊन तणावाची विचारपूस करू लागल्या. दोन्हींचा रोख आत्महत्या टाळण्यावर होता, आणि तो योग्यच होता. आत्महत्या घडून गेलेले घर मात्र त्या रोखाबाहेर राहिले.

त्या घरातल्या बाईचा आघात एकदाच होत नाही, हेही नोंदवले पाहिजे. महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अशा 505 स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा 40 टक्के स्त्रियांना शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. डोक्यावरचे छप्पर जाण्याची भीती रोज समोर असेल, तर मनाला ‘आता धोका नाही’ हे शिकवणे कोणत्याही समुपदेशकाला जमणार नाही. वारस नोंद वेळेत होणे हा या उपचाराचाच भाग धरावा लागेल. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवांनी स्वतः भूमिका केल्या. त्यातल्या वैशाली येडे यांनी जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. नाटक म्हणजे मानसोपचार नव्हे. तरी स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या इच्छेने सांगण्याची संधी मिळाली तर या स्त्रिया बोलतात, एवढे त्याने दाखवून दिले.

आत्महत्येखेरीज या जिल्ह्याने आणखी दोन आघात सोसले आहेत. पांढरकवडा-राळेगाव भागात अवनी वाघिणीच्या दहशतीखाली गावांनी दोन वर्षे काढली, ती 2 नोव्हेंबर 2018 ला मारली जाईपर्यंत. त्याआधी 2017 च्या पावसाळ्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. अशा वाचलेल्या माणसाला पुढच्या हंगामात नुसत्या औषधाच्या वासाने घाम फुटू शकतो. मात्र कीटकनाशकांमुळे मज्जासंस्थेवर प्रत्यक्ष परिणाम होऊनही तशीच लक्षणे दिसतात, म्हणून अशा रुग्णाची आधी शारीरिक तपासणी व्हायला हवी.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चे कलम 18 प्रत्येकाला परवडणाऱ्या, दर्जेदार आणि जवळ मिळणाऱ्या उपचारांचा हक्क देते. मानसिक आजाराच्या माणसाला सेवेसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला उपचार आणि पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. दारव्ह्याहून यवतमाळ 40 किलोमीटरहून अधिक दूर आहे. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय दीडशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे बंद पडून वर्षे झाली. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी धरली, तर आठवड्याला एक याप्रमाणे 12 बैठका कोणतीही शेतमजूर बाई पूर्ण करणार नाही.

म्हणून जिल्हा प्रशासनाकडे मागणी मर्यादित आहे. मदत समितीकडे प्रकरण आले की त्याची एक प्रत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे जावी, मग प्रकरण पात्र ठरो वा अपात्र. घटनेनंतर चार ते सहा आठवड्यांनी प्रशिक्षित आशाताई किंवा समुपदेशकाने त्या घरी जाऊन मोठ्यांची आणि मुलांची वेगवेगळी विचारपूस करावी. चौकशीचे जबाब शक्यतो एकदाच, एकत्र घेतले जावेत. दारव्ह्याच्या शासकीय रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस आणि एक बंद दाराची खोली आघातावरील उपचारांसाठी राखून ठेवावी. तिथे काम करणाऱ्यांना यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकृतिशास्त्र विभागाने प्रशिक्षण द्यावे आणि पुढेही मार्गदर्शन करत राहावे. समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेतला जावा. तोपर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर टेलि-मानस या मोफत, चोवीस तास चालणाऱ्या आणि मराठीत बोलता येणाऱ्या सेवेचा 14416 हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिला जावा.