तापातली साखर आणि न लिहिलेली तारीख

पावसाळा सरता सरता भारतातील कोणत्याही शहरात तापाच्या रुग्णांनी भरलेल्या कक्षात एक फेरी मारावी. डेंग्यू, टायफॉइड, न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. यांतील अनेकांच्या कागदांवर रक्तशर्करा २१० किंवा २४० अशी नोंदलेली असते आणि लघवीच्या अहवालात 'शुगर' या शब्दापुढे दोन-तीन अधिकचिन्हे उमटलेली असतात. त्यानंतर नातेवाइकांच्या कानावर दोनपैकी एक वाक्य पडते. एक, "यांना डायबेटिस आहे." दुसरे, "तापामुळे वाढली आहे, आपोआप उतरेल." माझा आक्षेप या दोन्ही वाक्यांवर आहे. वरकरणी ती परस्परविरोधी दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींत प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वीच तो निकालात काढण्याची घाई आहे.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. संसर्ग ही शरीराच्या दृष्टीने आणीबाणी असते. कॉर्टिसॉल, अॅड्रिनॅलिन आणि ग्लुकागॉन ही संप्रेरके वाढतात. यकृत साठवलेले ग्लायकोजेन मोडते, इतकेच नव्हे तर स्नायूंतून आलेल्या अमिनो आम्लांपासून आणि लॅक्टेटपासून नवे ग्लुकोज घडवू लागते. त्याच वेळी रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेले इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारखे संदेशरेणू स्नायू आणि मेद यांना इन्सुलिनच्या हाकेला बहिरे करतात. स्नायूंनी साखर घ्यायची नाही, यकृताने ती ओतत राहायचे, आणि मेंदू व झुंजणाऱ्या श्वेतपेशी यांना रसद मिळत राहायची, अशी ही व्यवस्था आहे. रक्तस्रावानंतर प्राण्यांच्या रक्तातील साखर वाढते, हे क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच पाहिले होते. म्हणजे ज्याला मधुमेह नाही अशा माणसाच्या रक्तातही गंभीर आजारात साखर चढू शकते. यात वादाला जागा नाही.

लघवीतील साखरेची कथा याहून वेगळी आहे, आणि विद्यार्थ्यांची गल्लत बहुधा येथेच होते. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातून गळणारे दीड-पावणेदोनशे ग्रॅम ग्लुकोज नलिकांच्या आरंभीच्या भागात जवळजवळ पूर्णपणे परत शोषले जाते. यांपैकी सुमारे नऊ दशांश काम एसजीएलटी-२ नावाचे वाहक प्रथिन करते. रक्तशर्करा दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की ही परतवाहतूक अपुरी पडते आणि साखर लघवीत सांडते. हा उंबरठा सर्वांचा सारखा नसतो. गरोदरपणात तो खाली येतो, वृद्धत्वात पुष्कळदा वर जातो. शिवाय मूत्राशयात तासन्‌तास साठलेली लघवी 'आत्ता'ची साखर सांगतच नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत बेनेडिक्टचे निळे द्रावण विटकरी झालेले पाहून आपण 'मधुमेह' असे वहीत लिहिले असेल. ते निदान नव्हते, ती ग्लुकोजची परीक्षा होती. (चरकसंहितेत अशा मूत्राकडे भुंगे आणि मुंग्या ओढले जाण्याची नोंद आहे. निरीक्षण म्हणून ते उत्तमच. पण मुंगीला साखरेचे कारण ठाऊक नसते.) आता तर आणखी एक गुंता आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे याच एसजीएलटी-२ वाहकाला अडवून साखर लघवीवाटे बाहेर काढतात. एकस्वाची मुदत संपल्यानंतर भारतात ती स्वस्त झाली आणि घरोघरी पोहोचली. ती घेणाऱ्याच्या लघवीत रक्तशर्करा उत्तम असतानाही अधिकचिन्हे दिसणारच.

आता पहिले वाक्य. मधुमेहाच्या निदानाचे निकष सर्वज्ञात आहेत: उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक. आणि ठळक लक्षणे नसतील तर एका आकड्यावर न विसंबता दुसऱ्या पुराव्याची जोड. तापाने फणफणलेल्या, सलाइनमधून डेक्स्ट्रोज चढत असलेल्या माणसाची एक सुटी रक्तशर्करा या निकषांत बसत नाही. तरीही शिक्का बसतो. माझ्या मावशींना मूत्रपिंडाच्या संसर्गासाठी एका रुग्णालयात पाच दिवस ठेवले होते. साखर २३८ आली, लघवीत तीन अधिकचिन्हे. घरी पाठवताना ग्लिमेपिराइडची गोळी सुरू केली आणि ती कधी थांबवायची, पुन्हा केव्हा तपासायचे, याबद्दल अक्षरही लिहिले नाही. संसर्ग गेला, संप्रेरके निवळली, यकृत शांत झाले. गोळी मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहिली. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे मावशी घामाघूम होऊन स्वयंपाकघरात कोसळल्या. रक्तशर्करा ४४ होती. पुढे केलेली एचबीए१सी ५.५ आली.

दुसरे वाक्य अधिक सौम्य वाटते. म्हणूनच मला ते अधिक घातक वाटते. 'तापामुळे वाढली' हे कारण झाले; 'म्हणून दुर्लक्ष करा' हा निष्कर्ष त्यातून कसा निघतो? अटलांटातील एका रुग्णालयात दाखल झालेल्या २,०३० रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. मधुमेहाचा पूर्वेतिहास नसताना ज्यांची साखर वाढलेली आढळली, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण १६ टक्के होते. आधीपासून मधुमेही असलेल्यांत ३ टक्के आणि साखर सामान्य असलेल्यांत १.७ टक्के. साखरेनेच त्यांना मारले असे यावरून सिद्ध होत नाही. ती आजाराच्या तीव्रतेची खूणही असू शकते. पण धोक्याची खूण दिसली असता पाठ फिरवण्याचे समर्थन कोणते शास्त्र करते?

आणि आपल्याला अटलांटापर्यंत जाण्याची गरजही नाही. २०२१ चा उन्हाळा आठवा. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने दाखवले होते की ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, प्राणवायू लागणाऱ्या कोविड रुग्णांचे प्राण वाचवते. प्राणवायू न लागणाऱ्यांना त्याचा लाभ दिसला नाही. आपल्याकडे तेच स्टेरॉइड घरी बसलेल्या, प्राणवायूची पातळी उत्तम असलेल्या लोकांनाही दिले गेले. संसर्गाने चढवलेल्या साखरेवर स्टेरॉइडने आणखी साखर चढवली, आणि बहुतांश घरांत ती मोजायला कोणी नव्हते. म्युकरमायकोसिसची बुरशी नेमकी अशा वातावरणात माजते: रक्तात भरपूर ग्लुकोज, आम्लता वाढल्यास मोकळे झालेले लोह, आणि दुबळ्या झालेल्या श्वेतपेशी. २८ जून २०२१ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी मंत्रिगटापुढे ठेवलेल्या आकडेवारीनुसार देशात ४०,८४५ रुग्ण आणि ३,१२९ मृत्यू नोंदले गेले होते. त्या रुग्णांपैकी सुमारे ६४ टक्के मधुमेही होते आणि सुमारे ५३ टक्क्यांनी स्टेरॉइड घेतले होते. जे वाचले त्यांतील कित्येकांनी डोळा गमावला, कोणी वरचा जबडा. या आकड्यांत मधुमेह असलेले मोजलेले आहेत; संसर्गात नव्याने साखर चढलेले, ज्यांना 'उतरेल' असे सांगितले गेले, ते किती होते हे त्यांतून कळत नाही.

याच विषयावर मे २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने काढलेल्या सूचनापत्रात रुग्णालयातून घरी गेल्यावरही रक्तशर्करेवर लक्ष ठेवा, असे स्पष्ट लिहिलेले होते. साथ ओसरली आणि ते वाक्यही ओसरले. डेंग्यूच्या, न्यूमोनियाच्या रुग्णाला ते लागू नाही असे कोणी ठरवले?

करायचे काय, हे काही गूढ नाही. दाखल रुग्णाची साखर १४० च्या वर गेली आणि गेल्या तीन महिन्यांत एचबीए१सी झालेली नसेल, तर ती करावी. चार दिवसांचा ताप तिला फारसा हलवत नाही, ती ६.५ किंवा अधिक आली तर साखर तापाच्या आधीपासून वाढलेली होती, असे मानायला सबळ आधार मिळतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक असल्याचा अंदाज दिला. अशा देशात अनेकांची रक्तशर्करा पहिल्यांदा मोजली जाते तीच तापात. ती संधी दवडणे हा अपराध आहे.

एचबीए१सी हीसुद्धा निर्दोष नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोहाच्या कमतरतेत हा आकडा खोटा चढू शकतो. मलेरियात तांबड्या पेशी फुटल्या, रक्त चढवले, किंवा सिकलसेलचा वारसा असला तर तो फसवू शकतो. क्षयासारख्या महिनोन्‌महिने चालणाऱ्या संसर्गात तर तो संसर्गामुळेच वर जाऊ शकतो. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाची साखर तपासण्याचे धोरण आहे आणि ते योग्यच आहे; पण उपचार संपताना ती पुन्हा तपासली नाही, तर पहिल्या तपासणीचा अर्थ अर्धवटच राहतो. म्हणूनच बरे झाल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी उपाशीपोटी पुन्हा तपासणी हवी. एक साधी तारीख, डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली.

तोपर्यंत साखर मोकाट सोडायची नाही, आणि तिच्या मागे लाठी घेऊन धावायचेही नाही. २००९ च्या नाइस-शुगर चाचणीत अतिदक्षता विभागातील सहा हजारांहून अधिक रुग्ण होते; साखर ८१ ते १०८ मध्ये जखडून ठेवलेल्या गटात मृत्यू २७.५ टक्के झाले, १८० किंवा त्याखाली ठेवलेल्या गटात २४.९ टक्के. म्हणून आज बहुतेक गंभीर रुग्णांसाठी १४० ते १८० हे लक्ष्य मानले जाते. आणि लघवीत ग्लुकोजबरोबर कीटोन असतील, उलट्या होत असतील, श्वास खोल व जलद चालला असेल, तर 'तापामुळे' हा शब्द उच्चारण्याआधी रुग्णालय गाठावे. एसजीएलटी-२ अडवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत ही आम्लावस्था रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही होते. आजारपणात त्या गोळ्या थांबवाव्या लागतात, इन्सुलिन मात्र मनाने बंद करायचे नसते. हे त्यांना औषध देतानाच सांगायला हवे.

डॉक्टर मंडळी म्हणतील, एका फेरीत साठ रुग्ण, कुठे लिहीत बसू? त्यांचा कामाचा भार खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण आहारतक्त्याचे छापील पान, पुढच्या भेटीच्या शुल्काचा उल्लेख आणि आरोग्य-पॅकेजची जाहिरात ज्या कार्डावर मावते, त्यावर 'दाखल असताना रक्तशर्करा वाढलेली आढळली, निदान अनिश्चित, अमुक तारखेस पुन्हा तपासणी' ही ओळही मावेल. ती छापूनच ठेवावी. डॉक्टरांनी फक्त तारीख भरावी.

मावशींच्या गोळ्या बंद होऊन दोन वर्षे झाली. त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीत साखर सामान्य आहे. आरोग्यविम्याच्या नूतनीकरणाच्या कागदावर मात्र 'पूर्वीपासूनचे आजार' या रकान्यात 'मधुमेह' हा शब्द दर वर्षी छापून येतो, आणि तो काढण्यासाठी विमा कंपनी त्या पाच दिवसांच्या डिस्चार्ज कार्डाचाच आधार मागते.