पाकाच्या पुढची पायरी : घरची टॉफी

आपल्याकडे कागदात गुंडाळलेली कुठलीही गोळी मुलांच्या लेखी ‘चॉकलेट’च असते. त्यातली जी दाताखाली आधी कडकन् मोडते आणि मग लोण्यासारखी विरघळते, ती टॉफी. ‘ही घरी होते का हो?’ असा प्रश्न आमच्या श्रीरामपुरात भिशीला किंवा हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की कुणीतरी काढतंच. आणि लगेच दुसरी कुणी म्हणते, ‘अगं, त्याला यंत्रं लागतात, थर्मामीटर लागतो. आपलं काम नव्हे ते!’

आपलं काम नव्हे, हे मात्र मला मुळीच मान्य नाही. ज्या बाईला रव्याच्या लाडवाचा पाक जमतो, संक्रांतीला तिळगुळाचा पाक जमतो, तिला टॉफी जमलीच पाहिजे. टॉफी म्हणजे काही विलायती जादू नाही. आपल्या गोळीबंद पाकाच्या दोन पायऱ्या पुढं गेलं, की टॉफी!

आणि साखरेचं म्हणाल, तर ती आपल्या दारातली. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी इकडं आलं आणि हा भाग उसाचा झाला. १९३२ साली देशातल्या साखरधंद्याला सरकारी संरक्षण मिळालं आणि ठिकठिकाणी कारखाने उभे राहिले. आपल्या तालुक्यातल्या टिळकनगरला महादेव डहाणूकरांनी महाराष्ट्र शुगर मिल्सची स्थापना केली ती १९३३ साली. पुढं विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं प्रवरानगरचा सहकारी कारखाना झाला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. शेजारच्या गावाचं नाव लोणी आणि कारखाना साखरेचा. टॉफीचं सारं साहित्य नावागावातच आलं की नाही?

साखरेच्या कारखान्यानंच गोळ्या काढल्याचं उदाहरणही आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात आहे. मालेगावजवळ रावळगावला वालचंद हिराचंदांनी १९३३ सालीच साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथं गोळ्या-टॉफ्या होऊ लागल्या. ‘पान पसंद’ तिथलीच. २०२४ साली ही नावं रिलायन्सनं सत्तावीस कोटी रुपयांना घेतली. कोट्यवधींचा हा धंदा ज्या पाकावर उभा राहिला, तो पाक आपण वर्षातून चार वेळा करतोच!

पाकाच्या पायऱ्या

साखर आणि पाणी उकळत ठेवलं, की पाणी उडून जातं आणि पाक जास्त जास्त तापत जातो. जितकं पाणी कमी, तितकी वडी कडक. एवढंच त्यातलं गणित. थर्मामीटर नसला तरी बिघडत नाही. एका वाटीत अगदी गार पाणी घ्या, त्यात पाकाचा एक थेंब सोडा आणि बोटांनी पाहा.

एकतारी, दोनतारी पाक आपल्याला ठाऊकच आहे. त्यापुढं थेंबाची पाण्यात मऊ गोळी होते, ती दाबली की चपटी होते. हा गोळीबंद पाक, सुमारे ११२ ते ११६ अंश सेल्सिअस. आणखी थोडं उकळलं की गोळी घट्ट होते, बोटात धरली तर आकार सोडत नाही. हा पक्का गोळीबंद, सुमारे ११८ ते १२१ अंश. मऊ, चघळायची टॉफी इथं होते. आणखी पुढं, १४६ ते १५४ अंशांवर, थेंब पाण्यात पडताच काचेसारखा होतो. बाहेर काढून वाकवला तर ‘कट्ट’ आवाज करून मोडतो. चावला तर दाताला चिकटत नाही. कडक टॉफीची पायरी ही.

मधल्या टप्प्यात थेंब कडक वाटतो खरा, पण दाताला चिकटतो. अशा वेळी घाई करून उतरवलं, तर टॉफी दुसऱ्या दिवशी पाझरते. तेव्हा ‘कट्ट’ ऐकल्याशिवाय कडक टॉफीचं पातेलं उतरवायचं नाही. मात्र दर परीक्षेच्या वेळी गॅस अगदी बारीक करा, नाही तर तुम्ही थेंब पाहीपर्यंत तिकडं पाक करपायचा.

लोण्याची कडक टॉफी

साहित्य : साखर २०० ग्रॅम (मध्यम आकाराची सुमारे दीड वाटी), पाणी ४ मोठे चमचे, लिंबाचा रस १ लहान चमचा, घरचं लोणी ६० ग्रॅम (४ मोठे चमचे), चिमूटभर मीठ, हवा असल्यास पाव लहान चमचा खाण्याचा सोडा, वेलदोड्याची पूड.

कृती : आधी एका ताटाला तुपाचा हात फिरवून ठेवा. सुरी आणि उलथणंही तूप लावून हाताशी ठेवा. नंतर शोधाशोध करायला वेळ मिळत नाही, बरं का! जाड बुडाचं, उंच काठाचं स्टीलचं पातेलं घ्या. काळ्या भांड्यात पाकाचा रंग कळत नाही, म्हणून ते नको. साखर, पाणी आणि लिंबाचा रस घालून मंद आचेवर ठेवा. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा आणि मग ढवळणं बंद. उकळी आली की दोन मिनिटं झाकण ठेवा. वाफेनं काठाला चिकटलेली साखर धुऊन खाली येते.

झाकण काढून मध्यम आचेवर पाक उकळू द्या. मधासारखा फिका सोनेरी रंग आला, की लोणी आणि मीठ घाला. लोणी फ्रीजमधलं थेट नको, बाहेर काढून मऊ झालेलं हवं. आता पाक फसफसून वर येईल, म्हणूनच पातेलं उंच काठाचं. हलक्या हातानं ढवळत राहा आणि थेंबाची परीक्षा करत ‘कट्ट’ होईपर्यंत शिजवा. गॅस बंद करून वेलदोडा घाला. टॉफी जरा जाळीदार, खुसखुशीत हवी असेल तर सोडाही याच वेळी घालून एकदाच भरभर ढवळा. लगेच ताटात ओता. पाच-सात मिनिटांनी, गरम असतानाच सुरीनं चौकोनी रेघा मारा. पूर्ण गार झाल्यावर त्या रेघांवर तुकडे मोडा. अडीचशे ग्रॅमच्या आसपास टॉफी होते, म्हणजे लहान लहान तीसेक तुकडे.

लोण्याऐवजी तूप चालेल का? चालेल. पण टॉफीचा तो खमंग वास येतो लोण्यातल्या दुधाच्या अंशामुळं. कढवलेल्या तुपातून तो अंश बेरीच्या रूपानं निघून गेलेला असतो. तूपच घ्यायचं असेल तर त्याबरोबर दोन चमचे साय घाला.

दुधाची मऊ टॉफी

साहित्य : सायीसकट दूध पाव लिटर, साखर २०० ग्रॅम, लोणी ५० ग्रॅम, मध १ मोठा चमचा, चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ.

कृती : इथं लिंबू अजिबात नको, दूध फाटेल. सगळं एकत्र करून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. इथं मात्र ढवळणं सोडायचं नाही, नाही तर खाली लागतं. पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो, तेव्हा रेडिओ लावून बसा! मिश्रणाला बदामी रंग येतो, ते पातेल्याची कड सोडू लागतं. गार पाण्यातली गोळी घट्ट झाली की तूप लावलेल्या ताटात ओता. गार झाल्यावर वड्या कापा आणि एकेक वडी बटर पेपरमध्ये गुंडाळा. म्हाताऱ्या माणसांच्या दातांना ही बरी.

गुळाची सुंठ-टॉफी

साहित्य : चिक्कीचा गूळ २०० ग्रॅम, पाणी २ मोठे चमचे, तूप २ मोठे चमचे, सुंठपूड अर्धा लहान चमचा.

कृती : गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्या, म्हणजे खडा-कचरा निघतो. तूप घालून मंद आचेवर शिजवा. गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, तेव्हा आच वाढवू नका. थेंब ‘कट्ट’ मोडला की सुंठ घालून ताटात ओता आणि रेघा मारा. यात भाजलेले शेंगदाणे घातले की आपली नेहमीची चिक्कीच झाली. तेव्हा घरात चिक्की करणारीनं ‘मला टॉफी येत नाही’ म्हणायचंच नाही!

बिघडलं तर?

खरी भीती असते ती इथं. ‘एवढी साखर, एवढं लोणी वाया गेलं तर?’ या एका भीतीनं पुष्कळ जणी पातेलं चढवतच नाहीत. पण करपलेला सोडला, तर बिघडलेला पाक सहसा वाया जात नाही.

पाक अचानक पांढरा होऊन साखर धरली, तर समजा की न विरघळलेला एखादा कण आत राहिला होता, किंवा ढवळणं जास्त झालं. एका कणाभोवती बाकीचे कण जमतात आणि सगळी साखर पुन्हा दाणेदार होते. त्यात अर्धी वाटी पाणी घाला, सगळं विरघळवा, पुन्हा उकळा. लिंबू घालतो तेही याचसाठी. आंबटपणामुळं साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो आणि मग दाणे धरणं कठीण होतं. दुधाच्या टॉफीत तेच काम मध करतो.

लोणी सुटून वर आलं, तर गॅस बंद करा, चमचाभर कढत पाणी बेतानं घाला आणि सावकाश ढवळा. वाफ येईल, तोंड लांब ठेवा. टॉफी मऊच राहिली, तर चमचाभर पाणी घालून पुन्हा पातेल्यात चढवा आणि पुढच्या पायरीपर्यंत न्या. रंग थोडा जास्त झाला आणि चव किंचित कडवट असेल, तर गार झाल्यावर पाणी घालून उकळा आणि तो पाक कस्टर्डवर घाला. काळा होऊन धूर आला असेल तेव्हाच टाकून द्यायचा. पातेलं घासत बसू नका. पाणी भरून उकळा, चिकटलेलं सगळं आपोआप सुटतं.

एवढं मात्र पाळाच

उकळतं पाणी १०० अंशांच्या पुढं जात नाही. टॉफीचा पाक दीडशेच्या घरात असतो आणि अंगावर पडला तर ओघळून न जाता चिकटून बसतो. म्हणून पाक चढला की मुलं स्वयंपाकघराबाहेर. ‘मी ढवळतो’ म्हणणाऱ्या लाडक्यालाही बाहेर! त्यांना कागद कापायचं आणि गुंडाळायचं काम द्या. पातेल्याचा कान ओट्याच्या कडेला येऊ देऊ नका, सांडशी घट्ट बसणारी घ्या, नायलॉनची साडी किंवा झुलती ओढणी नको. चव पाहायला पातेल्यात बोट तर नाहीच नाही.

चुकून भाजलंच, तर ताबडतोब नळाच्या गार पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, शाई, टूथपेस्ट, तूप यांतलं काहीही लावू नका. चिकटलेली साखर ओढून काढू नका, पाण्यानंच सुटू द्या. फोड मोठा असेल, किंवा चेहऱ्यावर, हातावर भाजलं असेल, तर डॉक्टरांकडे जा.

आणि चार वर्षांच्या आतल्या मुलांना कडक टॉफी किंवा दाण्याची चिक्की देऊ नका, घशात अडकते. मोठ्या मुलांनाही दिवसभर चघळायला न देता जेवणानंतर एक द्या आणि चूळ भरायला लावा. घरची झाली म्हणून दात तिला माफ करत नाहीत! मधुमेह असलेल्यांसाठी ‘गुळाची आहे, चालेल’ हेही खरं नव्हे.

केव्हा कराल, कशी ठेवाल?

आपल्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंतची कोरडी हवा टॉफीला उत्तम. पावसाळ्यात ती हवेतलं पाणी ओढून चिकट होते आणि गुळाची तर जास्तच. गार झाल्याबरोबर एकेक तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कडक टॉफी थंडीत दोन-तीन आठवडे छान राहते. दुधाची आठवड्यात संपवा. संपवा म्हणजे काय, ती उरतच नाही!

हात बसला आणि बचत गटातर्फे विकायचा विचार आला, तर १५-२० तुकड्यांची पाकिटं करा. पण अन्नपदार्थ विकायचा म्हटला की अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी लागते, ती आधी करून घ्या. भाव ठरवताना साखर-लोण्याबरोबर गॅस, कागद आणि आपला वेळही धरा. आपल्या वेळाचे पैसे धरायचे आपण बायका नेमके विसरतो.

पहिल्यांदा करताना शंभर ग्रॅमच साखर घ्या, बाकी सगळं निम्मं. शेजारी गार पाण्याची वाटी ठेवा आणि दर दोन मिनिटांनी एक थेंब टाकून पाहा. मऊ गोळी, घट्ट गोळी, चिकट तार आणि मग ‘कट्ट’. एकदा हे चारही टप्पे बोटांना कळले, की पुढच्या वेळी निम्म्या परीक्षांतच काम भागेल.