नव्या ड्रायव्हरचा पगार डिझेलच्या बचतीतून नको

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात सध्या कुठेही विचारा, कळंबोलीत, भिवंडीत किंवा नागपूरच्या वाडीत, तक्रार एकच ऐकू येते : गाड्या उभ्या आहेत, ड्रायव्हर मिळत नाहीत. नवी पोरं या लाइनीत यायला तयार नाहीत, असं मालक सांगतात, आणि ते खरंच आहे. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये देशातल्या ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. आपल्या घरातल्या कुणाला या धंद्यात यायला सांगणार नाही, असं त्यातल्या ८४ टक्के चालकांनी सांगितलं. बापच मुलाला स्टिअरिंगपासून लांब ठेवत असेल, तर पोरांच्या आळसाला दोष देऊन काय उपयोग? त्यांच्या हातात नेमकं काय पडतं, ते आधी पाहायला हवं.

न्हावाशेव्याहून कंटेनर घेऊन चाकणला जाणाऱ्या गाडीचं उदाहरण घेऊ. चालक बंदराबाहेरच्या रांगेत उभा राहतो. कागद होतात, कंटेनर चढतो, घाट पार करून गाडी कंपनीच्या गेटवर पोहोचते. तिथे लायसन्स जमा करायचं, गाडी बाजूला लावायची आणि नंबर येईपर्यंत थांबायचं. संडास आत असतो आणि चालकाला आत जाऊ देत नाहीत. गाडी खाली व्हायला दुसरा दिवस उजाडतो. प्रत्यक्ष गाडी चालली चार-पाच तास, पण माणूस अडकून पडला तीस तास. समजा, या फेरीचे त्याला दीड हजार रुपये मिळाले. चालवण्याच्या तासांनी भागलं तर रक्कम बरी दिसते. तीस तासांनी भागली तर तासाला ५० रुपये पडतात, आणि त्यातच त्याने रस्त्यावरचं जेवण भागवायचं.

गाडी अडकून पडली की धंद्यात त्याला हॉल्टिंग म्हणतात. हॉल्टिंगचे पैसे मिळालेच तर ते गाडीमालकाच्या खात्यात जातात. गाडीच्या थांबण्याला दर आहे, पण तिच्यासोबत थांबलेल्या माणसाच्या वेळेला नाही.

नवख्यासाठी तर हिशेब आणखी वाईट. कायद्याने मालवाहू गाडी चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण लागतात आणि त्याआधी किमान वर्षभर हलक्या वाहनाचं लायसन्स असावं लागतं. हेवीचं लायसन्स हातात आलं तरी चाळीस टनांचा ट्रेलर लगेच कोणी देत नाही, आणि देऊही नये. पूर्वी ही मधली वर्षं क्लीनर म्हणून जायची. उस्तादाच्या शेजारी बसून पोरगा ताडपत्री बांधायला, टायर बदलायला, घाटात कुठला गिअर टाकायचा ते शिकायचा. पैसे नावालाच मिळायचे, पण विद्या पक्की व्हायची. आता खर्च वाचवायचा म्हणून क्लीनरच कमी झाले. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलनविरोधात संप केला, तेव्हा क्लीनरची सक्ती काढून टाका, हीसुद्धा एक मागणी होती. मालकांची अडचण समजण्यासारखी आहे. पण ती शेजारची सीट हीच या धंद्याची शाळा होती. ती बंद झाल्यावर नवा मुलगा पहिल्या लांबच्या फेरीला एकटाच निघतो. चुका त्याच्याकडून होणारच, आणि त्यांची भरपाई त्याच्याच पगारातून कापली जाते.

कापाकापीत सगळ्यात घातक प्रकार डिझेलचा. मालक गाडीचं अ‍ॅव्हरेज ठरवून देतो : लिटरमागे इतके किलोमीटर. त्यापेक्षा जास्त डिझेल लागलं तर शॉर्टेज म्हणून चालकाच्या नावावर, कमी लागलं तर काही ठिकाणी वाचलेलं त्याचं. वरवर हा काटकसरीचा सरळ व्यवहार वाटतो. पण गाडी घाटाच्या उतारावर आली की त्याचा अर्थ बदलतो. चार लिटर वाचवण्यासाठी चालक गाडी न्यूट्रल करतो, कधी इंजिनच बंद करतो. मग इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. इंजिन बंद असेल तर ब्रेकला लागणारी हवाही भरत नाही.

पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालवाहू गाडीने पन्नासच्या आसपास वाहनांना ठोकरलं. चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं. या एका चालकाच्या पगाराचा हिशेब कसा होता, हे बाहेरून सांगता येणार नाही. पण उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, असं चालकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण न्यूट्रलमध्ये त्यांना पैसे दिसतात. खरं तर बीएस-६ गाडी गिअरमध्ये उतरताना इंजिनात डिझेल जवळपास जातच नाही. न्यूट्रलने वाचत काही नाही. पण हे नव्या मुलाला शिकवणारा उस्ताद आता शेजारी नाही.

पैसे देण्याच्या पद्धतीतून रस्त्यावर येणारा असा धोका ओळखून युरोपीय संघाने २००६ च्या नियमात स्पष्ट लिहिलं : किती किलोमीटर गाडी मारली किंवा किती माल वाहिला यावर चालकाचं मानधन वा बक्षीस ठरवून रस्त्यावरच्या सुरक्षेला बाधा येत असेल, तर ते देता येणार नाही. आपल्याकडेही कागदावर काही कमी नव्हतं. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांपुरता होता, आणि एक-दोन गाड्यांचे मालक त्यातून आपोआप बाहेर राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत किमान वेतनाला अशी माणसं मोजण्याची अट नाही. नुकसानीपोटी पगार कापायचा तर कामगाराचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि त्याला आपलं म्हणणं मांडू द्यावं लागतं. शॉर्टेजच्या नावाखाली तोंडी होणारी कापाकापी यात बसत नाही.

यावर मालकांचा प्रश्न रास्त आहे : पैसे आणायचे कुठून? गाडीचा हप्ता, टायर, विमा, टोल आणि महिनोन्महिने अडकलेलं भाडं सांभाळताना लहान मालक स्वतःच मेटाकुटीला आलेला असतो. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये वाहतुकीतलं मानधन ठरवणारं खास न्यायाधिकरण नेमलं. पण त्याने ठरवलेल्या किमान दरांनी आपलंच काम जाईल, असं म्हणत स्वतःची गाडी चालवणारेच विरोधात उभे राहिले आणि २०१६ मध्ये ते गुंडाळावं लागलं. त्यावरून इतकं तरी समजतं की, नियम फक्त गाडीमालकावर लादून भागत नाही. ज्याचा माल आहे आणि ज्याच्या गेटवर गाडी रात्रभर उभी राहते, त्याच्याकडून हा पैसा यायला हवा.

मग नव्या ड्रायव्हरचा रास्त पगार म्हणजे काय? पहिली गोष्ट, महिन्याचा ठरलेला पगार, किमान वेतनाच्या खाली न जाणारा आणि बँकेत जमा होणारा. फेरीचा भत्ता त्याच्या वर, पगाराऐवजी नव्हे. दुसरी, गेटवर आणि बंदरात थांबलेला वेळ कामाचाच धरायचा आणि हॉल्टिंगमधला चालकाचा हिस्सा बिलात वेगळा लिहायचा. तिसरी, पहिले सहा महिने जाणत्या चालकाबरोबर दुहेरी फेऱ्या, दोघांनाही पगार. शिकवणाऱ्याला शिकवण्याचे पैसे मिळायलाच हवेत. आणि डिझेलचा हिशेब पगारापासून पूर्ण तोडायचा. ज्या गाडीला डिझेल जास्त लागतं ती मालकाने गॅरेजला दाखवावी.

सरकारला याची सुरुवात करायला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. रेशनचं धान्य गोदामातून दुकानापर्यंत ट्रकनेच जातं आणि त्या वाहतुकीची निविदा सरकारच काढतं. पुढच्या निविदेत चालकाचा मासिक पगार, थांबलेल्या तासांचा दर आणि डिझेलच्या कपातीवर बंदी, या तीन अटी राज्य सरकारने घालाव्यात.