शेवटचा डोस

कुत्र्याचं पिल्लू पार्वोच्या विषाणूनं गेलं की घरातली माणसं हमखास म्हणतात, ‘अहो, इंजेक्शन तर दिलं होतं!’ दिलेलं असतंच. पण एकच. कार्डावरच्या पुढच्या तारखा कोऱ्या राहिलेल्या असतात.

याची गोम आईच्या चिकात आहे. जन्मल्याबरोबर पिल्लू जो चीक पितं, त्यातून आईची प्रतिकारशक्ती त्याला मिळते. ती विषाणूला अडवते, आणि लसही दुबळ्या केलेल्या विषाणूचीच असल्यानं तिलाही अडवते. पुढे ती ओसरते. मध्ये काही दिवस असे येतात की रोग थोपवायला ती अपुरी पडते, पण लस वाया घालवायला अजून पुरते. हे दिवस एका पिल्लाला सातव्या आठवड्यात येतात, त्याच्या शेजारच्याला बाराव्यात; बाहेरून काही कळत नाही. म्हणून ६ ते ८ आठवड्यांचं झाल्यापासून दर २ ते ४ आठवड्यांनी डोस, आणि शेवटचा १६ आठवडे पुरे झाल्यावरच. माझ्या लेखी सगळ्यांत मोलाचा डोस हाच, आणि चुकतो तोही हाच.

१९७८ साली पार्वो हा आजार ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. विषाणू आतड्याचं अस्तर सोलतो, अस्थिमज्जेवर घाला घालून पांढऱ्या पेशी घटवतो. उलट्या, रक्ताचे घाण वासाचे जुलाब. उपचार नसले तर दहातली नऊ पिल्लं दगावतात. वेळेवर सलाईन लागलं तर बहुतेक वाचतात. दही-भात भरवून ‘उद्या बघू’ म्हणण्यात जो दिवस जातो, तोच जीव घेतो.

पिल्लू घराबाहेर पडलं नाही, हा दिलासाही खोटा. विष्ठेतला विषाणू आपल्या चपलांना चिकटून आत येतो, जमिनीत महिनोन्महिने टिकतो. साध्या फिनेलवर विसंबू नका. घाण आधी धुऊन काढा, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून लादीवर दहा मिनिटं राहू द्या. पार्वो होऊन गेलेल्या घरात लसीकरण पुरं न झालेलं नवं पिल्लू वर्षभर तरी आणू नका.

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी महिन्याभराची पिल्लं सर्रास विकली जातात. ती घेऊ नका.

आजच पिल्लाचं कार्ड काढून बघा. ते १६ आठवड्यांचं झालं असेल आणि त्यानंतरच्या डोसची नोंद नसेल, तर उद्याच डॉक्टरांकडे न्या.