प्रबंध सासरी नेताना

मैत्रिणींनो, इंजिनिअर झालेली मुलगी पीएच.डी. करते म्हणाली की आपल्या बिलोलीकडे पहिला प्रश्न ठरलेला, ‘मग लग्न?’ बी.टेक.ची चार वर्षे, एम.टेक.ची दोन, पुढे किमान तीन. पोरगी सत्तावीसची होते. आईची धास्ती काही खोटी नाही.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजेची सोय आहे. लग्नामुळे गाव बदललं तर संशोधनाची माहिती नव्या विद्यापीठात नेता येते. (नियम करणाऱ्यांनाही सासर ठाऊक आहे म्हणायचं!) पण इंजिनिअरिंगमध्ये इथंच मेख आहे. आकडे पिशवीत घालून नेता येतात, प्रयोगशाळेतलं यंत्र कसं नेणार? त्यात काम संस्थेला किंवा गाईडला मंजूर झालेल्या निधीच्या प्रकल्पातलं असेल, तर तेवढीही मुभा नाही.

म्हणून प्रवेश घेतानाच गाईडला निधीचं विचारून घ्यावं, आणि यंत्रावरचं काम लग्नाआधी उरकावं. लिखाण कुठंही होतं. स्थळ बघताना आपण शेती, पगार विचारतोच; प्रबंध लिहायला रोजचे दोन तास मिळतील का, हेही बैठकीतच विचारा.